एकच वाट : वर्तुळमार्गावरील चालणे आणि प्रार्थना

"प्रार्थनेस बसतो, पण मन बसत नाही," अशी तक्रार मंडळीतील माणसे पाळकाजवळ करतात. आणि पाळक प्रामाणिक असेल तर तीच तक्रार तो स्वतःजवळही करतो. उपदेशाची तयारी, आजाऱ्यांच्या भेटी, मंडळीचे हिशेब, आपसांतील भांडणे मिटविणे, या साऱ्यांतून वेळ काढून तो गुडघे टेकतो, तेव्हा डोळ्यांसमोर प्रभू उभा न राहता उरलेली कामेच उभी राहतात. दुसऱ्यांसाठी नित्य प्रार्थना करणाऱ्याची स्वतःची प्रार्थना कोरडी पडावी, हे आपल्या सेवेतील एक न बोलले जाणारे दुःख आहे.

या दुःखावर उपाय म्हणून गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पाश्चात्त्य मंडळ्यांत एक जुनी रीत पुन्हा प्रचारात आली आहे. जमिनीवर आखलेल्या वळणावळणाच्या वर्तुळाकार वाटेने सावकाश चालत मध्यापर्यंत जावयाचे, तेथे थांबावयाचे आणि त्याच वाटेने परत यावयाचे, अशी ही रीत. या आकृतीस इंग्रजीत लॅबिरिंथ म्हणतात. आपल्याकडे तिला चक्रव्यूह हे नाव आहे. ही रीत आपल्या मंडळ्यांनी स्वीकारावी काय, आणि स्वीकारावयाची तर कोणत्या अर्थाने, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा विचार करताना हुलसूर, भालकी, बसवकल्याण या सीमाभागातील मंडळ्या डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. तेथे घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दोन्ही, अशी स्थिती आहे. आणि तेथील बहुतेकांचे पाय दिवसभर शेतात वा रस्त्यावर झिजलेले असतात.

१. भुलभुलैया नव्हे

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. चक्रव्यूह म्हणताच आपणांस वाट चुकविणारी रचना आठवते. देवगिरीच्या किल्ल्यातील अंधारी ही तशी रचना होय. शत्रूने चुकावे, अडखळावे आणि नष्ट व्हावे, एवढ्यासाठीच ती खोदलेली आहे. तेथे फाटे आहेत, फसवणूक आहे. येथे ज्या आकृतीविषयी आपण बोलत आहोत तिला फाटे नाहीत. तिच्यात वाट एकच. जो चालत राहील तो मध्यास पोहोचेलच. चुकण्याची सोय नाही. तेथे बुद्धीची परीक्षा नसते, धीराची असते.

परंतु ही वाट सरळ नाही, आणि तिचे मर्म येथेच आहे. या आकृतीचा सर्वांत जुना व सर्वत्र आढळणारा प्रकार सात फेऱ्यांचा आहे. ग्रीस देशातील पायलोस येथे ख्रिस्तपूर्व १२०० च्या सुमाराची एक मातीची पाटी मिळाली, तिच्यावर तो कोरलेला आहे. या प्रकारात बाहेरून आत फेऱ्यांस अनुक्रमे एक ते सात असे आकडे दिले, तर पथिक प्रथम तिसऱ्या फेरीत शिरतो. तेथून वाट त्याला आत नेत नाही, उलट दुसऱ्या आणि मग पहिल्या, म्हणजे अगदी बाहेरच्या, फेरीत घालविते. त्यानंतर चौथी, आणि मग एकदम सातवी. सातव्या फेरीत मध्य हाताच्या अंतरावर दिसतो. पण तेथून आत जाण्यास दार नाही. वाट पुन्हा मागे वळते, सहाव्या आणि पाचव्या फेरीत जाते, आणि त्या पाचव्या फेरीतून मध्याचे दार उघडते.

डोळ्यांना जे जवळ दिसते ते वाटेने जवळ असतेच असे नाही, आणि जे दूर पडल्यासारखे वाटते ती कित्येकदा प्रवेशाआधीची शेवटची फेरी असते. आत्मिक जीवनात हा अनुभव ज्याला आला नाही असा विश्वासी विरळा. आपण प्रभूपासून दूर फेकले गेलो, असे म्हणत जो पाळकाकडे येतो, त्याला हे शब्दांनी समजाविणे कठीण जाते. या वाटेवर त्याचे पाय ते त्याला समजावितात.

२. आपल्या भूमीतील वर्तुळे

ही आकृती परदेशी आहे, असे कोणी म्हणेल. वस्तुस्थिती तशी नाही. हुलसूरहून बसवकल्याणमार्गे सोलापूर-हैदराबाद महामार्गास लागावे आणि पश्चिमेकडे उमरगा, नळदुर्ग ओलांडून जावे, म्हणजे सोलापूरच्या अलीकडे बोरामणी लागते. तेथील गवताळ माळ माळढोक व लांडगे यांच्या अधिवासासाठी प्रसिद्ध आहे. या माळावर लहान दगडांनी आखलेला पंधरा फेऱ्यांचा एक वर्तुळाकार चक्रव्यूह असल्याचे वृत्त डिसेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा व्यास सुमारे ५० फूट आहे. वन्यजीवांचे निरीक्षण करणाऱ्या सोलापूरच्या निसर्गप्रेमींच्या तो दृष्टीस पडला, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्वज्ञांनी त्याची पाहणी केली. तो सातवाहनकालीन, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा असावा आणि रोमन व्यापाराच्या मार्गांशी त्याचा संबंध असावा, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. हे अनुमानच आहे, हे विसरू नये. तथापि ते निराधार नाही. जवळचे तेर, म्हणजे प्राचीन तगर, हे त्या व्यापाराचे नामांकित केंद्र होते, आणि क्रीट बेटाच्या प्राचीन नाण्यांवर चक्रव्यूहाचीच आकृती असे.

गोव्यात सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्या खडकावर कोरलेली प्राचीन चित्रे आहेत. १९९३ मध्ये ती अभ्यासकांच्या नजरेस आली. त्यांतही ही आकृती आहे. आणि आपल्याच कर्नाटकात हळेबीड येथील होयसळेश्वर मंदिराच्या भिंतीवर, बाराव्या शतकातील शिल्पपट्टात, चक्रव्यूहात शिरणारा अभिमन्यू कोरलेला आहे.

अभिमन्यूची कथा येथे नुसती ओझरती आठवून चालणार नाही. पुढील विवेचनास तिचा आधार आहे. त्याला आत शिरण्याची विद्या ठाऊक होती, बाहेर येण्याची नव्हती. तो शूर होता, निष्पाप होता, पण आतच मारला गेला. म्हणजे आपल्या लोकांच्या मनात ही आकृती मरणाची आहे. आत जाता येते, परतता येत नाही, असे हे स्थान. सुवार्ता सांगणाऱ्याने हा अर्थ पुसून टाकू नये. त्याला उत्तर द्यावे.

३. मंडळीने या आकृतीचे काय केले

ग्रीकांची कथाही मरणाचीच आहे. क्रीटच्या चक्रव्यूहात अर्धा बैल, अर्धा मनुष्य असा राक्षस राहत होता. थीसियस नावाच्या वीराने त्याला ठार केले आणि एका सुताच्या आधाराने तो बाहेर आला. ख्रिस्ती मंडळीने ही आकृती निर्माण केली नाही. ती तिला जगाकडून मिळाली, आणि तिने तिच्या मध्याचा अर्थ बदलला.

अल्जेरिया देशातील आजच्या श्लेफ नगरात इ. स. ३२४ मध्ये पाया घातलेले एक ख्रिस्तमंदिर होते. त्याच्या फरशीवर चक्रव्यूह होता आणि त्याच्या मध्यभागी राक्षसाच्या जागी "पवित्र मंडळी" या अर्थाच्या लॅटिन शब्दांची अक्षरे चौकोनात मांडलेली होती. इटलीतील लुक्का येथील प्रधान मंदिराच्या ओसरीतील खांबावर एक लहान चक्रव्यूह कोरलेला आहे. येणाऱ्याजाणाऱ्यांनी बोटाने वाट गिरविल्यामुळे त्याचा दगड झिजला आहे. फ्रान्समधील शार्त्र येथील मंदिराच्या फरशीवर तेराव्या शतकाच्या आरंभी घातलेला अकरा फेऱ्यांचा चक्रव्यूह आजही शाबूत आहे. त्याचा व्यास सुमारे १३ मीटर असून आतील वाट अडीचशे मीटरांहून अधिक लांब भरते.

ज्यांना यरुशलेमेची यात्रा घडत नसे, ते या वाटेवर गुडघ्यांनी चालून यात्रेचे पुण्य मिळवीत, असे पुष्कळ पुस्तकांतून सांगितले जाते. मध्ययुगीन लेखांत याला पुरावा सापडत नाही. यरुशलेमेची वाट हे नाव पुष्कळ नंतरचे आहे. आपल्या उपदेशांतून ही गोष्ट इतिहास म्हणून सांगू नये.

जो वृत्तांत लेखी मिळतो तो याहून अर्थपूर्ण आहे. फ्रान्समधील ओसेर येथील मंदिरात पुनरुत्थानदिनी दुपारी धर्मगुरू चक्रव्यूहाभोवती एकमेकांचे हात धरून फेर धरीत. त्यांचा प्रमुख चेंडू झेलीत व फेकीत असे आणि सर्वजण पुनरुत्थानाचे स्तोत्र गात. १५३८ मध्ये ही प्रथा बंद झाली. धर्मगुरूंनी चेंडू खेळावा हे आपणांस विचित्र वाटेल. पण ते काय साजरे करीत होते हे ध्यानात घ्यावे. त्यांच्या दृष्टीने चक्रव्यूह हे मरणाचे नगर होते, आणि ख्रिस्त त्यात शिरून परत आला होता.

अभिमन्यूच्या कथेला सुवार्तेचे उत्तर आहे ते हेच. आत जाण्याची वाट सर्वांना ठाऊक आहे. मरण कोणाला शिकवावे लागत नाही. बाहेर येण्याची वाट एकानेच उघडली. म्हणून ख्रिस्ती माणूस या वाटेवर चालतो तेव्हा मध्याइतकेच परतीच्या वाटेलाही महत्त्व आहे. मध्यावर पोहोचून जो तेथेच समाधान मानतो त्याने अर्धीच यात्रा केली.

पुढे ही रीत मागे पडली. रीम्स येथील चक्रव्यूह १७७९ मध्ये उखडण्यात आला. उपासना चालू असता मुले त्यावर धावून गोंगाट करीत, असे त्याचे कारण सांगतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस सान फ्रान्सिस्को येथील ग्रेस कॅथेड्रलमधील पाळिका लॉरेन आर्ट्रेस यांनी शार्त्रचा नमुना कापडावर उतरविला, आणि १९९१ पासून तेथे लोक त्यावर चालू लागले. आज अनेक देशांत मंदिरांच्या, रुग्णालयांच्या व शाळांच्या आवारांत असे मार्ग आहेत.

४. पवित्र शास्त्राची साक्ष

पवित्र शास्त्रात चक्रव्यूह नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. मध्ययुगीन यहुदी व ख्रिस्ती हस्तलिखितांत यरीहो नगर सात तटांच्या चक्रव्यूहाच्या रूपाने चितारलेले आढळते. पण ते चित्रकारांचे भाष्य आहे, वचन नव्हे.

शास्त्रात जे ठायी ठायी आहे ते चालणे. हनोखाविषयी शास्त्र सांगते, की तो देवाबरोबर चालला (उत्पत्ती ५). इस्राएल लोकांस देवाने जवळच्या वाटेने न नेता रानातून वळसा घालून नेले (निर्गम १३), आणि त्या चाळीस वर्षांचा हेतू त्यांना नम्र करणे व त्यांचे अंतःकरण पारखणे हा होता, असे अनुवादाचा आठवा अध्याय सांगतो. यरीहोभोवती लोक सहा दिवस रोज एकदा आणि सातव्या दिवशी सात वेळा फिरले, तेही लोकांनी तोंडातून शब्द न काढता (यहोशवा ६). आणि पुनरुत्थित प्रभू अम्माऊसच्या वाटेवर दोघा खिन्न शिष्यांस भेटला, तो ते चालत असताना (लूक २४). त्यांनी त्याला ओळखले नाही, तरी तो त्यांच्याबरोबर चालतच होता. आणि ओळख पटताच ते त्याच रात्री त्याच वाटेने यरुशलेमेस परतले. वर्तुळमार्गावरील प्रार्थनेस शास्त्राधार हवा असेल तर तो या चालण्यात आहे, आकृतीत नाही.

५. देह व मन

या चालण्याने स्वास्थ्य लाभते, असे आज मोठ्या आग्रहाने सांगितले जाते. त्यात तथ्य किती? सावकाश, तालबद्ध चालण्याने श्वास संथ होतो, अंगाचा ताण उतरतो आणि मनाची धावपळ कमी होते, हे अनुभवास येते व त्याची कारणेही समजण्यासारखी आहेत. वाट एकच असल्याने कोठे वळावे हा निर्णय घ्यावा लागत नाही. आणि निर्णयांचे ओझे उतरले की मन हलके होते. पायांस काम मिळाले म्हणजे मनाची चुळबूळ थांबते, हे आपल्या वारकऱ्यांनाही ठाऊक आहे. दिंडीत चालणारा माणूस बसून जेवढे नाम घेईल त्याहून अधिक चालताना घेतो.

परंतु खास वर्तुळमार्गाविषयी झालेले अभ्यास थोडे व लहान आहेत. तेव्हा पाळकाने आरोग्याची आश्वासने देऊ नयेत. ज्याला रक्तदाब वा मधुमेह आहे, किंवा ज्याचे मन दीर्घकाळ खिन्न आहे व ज्याला डॉक्टरांनी औषध दिले आहे, त्याने या चालण्याच्या भरवशावर औषध सोडू नये, हे आपणच त्याला बजावले पाहिजे.

येथे एक प्रामाणिक आक्षेप उभा राहतो. उसाच्या फडात दिवसभर राबलेल्या, पाण्यासाठी मैलभर गेलेल्या बाईला आणखी चालावयास सांगणे ही क्रूर थट्टा नव्हे काय? ध्यानासाठी चालणे ही ज्यांना चालावे लागत नाही त्यांची चैन आहे, असे कोणी म्हटले तर ते सहज खोडून काढता येणार नाही. थकलेल्याला विसावा द्यावा, हाच पहिला धर्म. तरीही एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. त्या बाईचे दिवसभरातील प्रत्येक पाऊल दुसऱ्या कोणाच्या तरी कामासाठी पडलेले असते, मुकादमाच्या, मालकाच्या किंवा घरच्यांच्या. ज्या चालण्यात डोक्यावर भार नाही, पोहोचण्याची घाई नाही आणि ज्याचा हिशेब कोणी मागणार नाही, असे चालणे तिच्या वाट्यास कधी येते? शब्बाथाचा अर्थ केवळ काम थांबविणे एवढाच नाही. आपला देह आपल्या उत्पन्नकर्त्याचा आहे, धन्याचा नव्हे, हे त्या दिवशी देहाला कळावयाचे असते. तिने चालावे असा आग्रह नको. पण ही वाट फक्त शिकलेल्यांसाठी आहे असेही तिला वाटू नये. या वाटेस पुस्तक लागत नाही, अक्षरओळख लागत नाही. आणि मराठी व कन्नड बोलणारे दोन्ही शेजारी तीवर एकाच वेळी, कोणाच्याही भाषेला गौण न ठरविता, प्रार्थना करू शकतात.

६. दुर्बल विवेकबुद्धीचा विचार

खेड्यात उघड्यावर चुन्याने वा राखेने रेघा काढल्या की लोकांच्या मनात पहिली शंका येते ती करणीची. चक्रव्यूहाची आकृती देशाच्या काही भागांत सुखरूप बाळंतपणासाठी यंत्र म्हणूनही वापरली जाते. ज्या कुटुंबांनी गंडे, ताईत व उतारे सोडून प्रभूचा स्वीकार केला, त्यांच्या डोळ्यांसमोर चर्चच्या अंगणात तशीच आकृती निघाली तर त्यांनी काय समजावे? करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय येथे तंतोतंत लागू पडतो. आपल्याला ज्ञान आहे म्हणून बंधूस अडखळण करण्याचा अधिकार आपणांस मिळत नाही.

म्हणून तीन नियम सुचवावेसे वाटतात. आधी शिकवावे, मग आखावे. दिवसाढवळ्या, सर्वांसमक्ष आखावे व काम संपताच पुसून टाकावे, म्हणजे आकृतीत काही शक्ती वसते असा समज राहणार नाही. आणि जो चालत नाही त्याच्या विश्वासाविषयी कोणीही शंका घेऊ नये. एवढे करूनही मंडळीच्या मनात किंतु राहिला, तर ही रीत बाजूस ठेवावी. ती तारणाचे साधन नाही; तिच्यावाचून मंडळीचे काही अडत नाही.

७. आखणी व चालण्याची पद्धत

सात फेऱ्यांची आकृती एका क्रूसापासून काढता येते. जमिनीवर आठ फूट उंचीचा व तेवढ्याच रुंदीचा, चारही भुजा सारख्या असलेला क्रूस काढावा. भुजांमधील चार मोकळ्या जागांत प्रत्येकी एक काटकोन काढावा. त्याचे शिर क्रूसाच्या मध्याकडे आणि दोन्ही भुजांपासून दोन फुटांवर असावे, व त्याच्या रेघा क्रूसाच्या टोकांइतक्याच बाहेर याव्यात. चारही कोपऱ्यांवर एकेक ठिपका द्यावा. आता क्रूसाचे वरचे टोक उजव्या हाताच्या काटकोनाच्या उभ्या टोकास कमानीने जोडावे. नंतर डावीकडील पहिले मोकळे टोक उजवीकडील पहिल्या मोकळ्या टोकास, आधीच्या कमानीवरून, तेवढेच अंतर राखून जोडावे. ठिपका हेही टोकच समजावे. याप्रमाणे आठ कमानी झाल्या की आकृती पुरी होते. वाट दोन फूट रुंद राहते व सुमारे तीस फूट रुंदीचे अंगण लागते. क्रूसाच्या पायथ्याशी डावीकडे जी फट उरते ते दार, आणि वाट संपते ती क्रूसाच्या माथ्याशी. ही आकृती ख्रिस्ताच्या पूर्वीची आहे, तेव्हा यात भविष्यवाणी शोधू नये. पण पायथ्याशी आरंभ व माथ्याशी शेवट, हे शिकविताना सांगण्याजोगे आहे.

दाराशी थांबून एक लहानशी विनंती वा शास्त्रातील एक वाक्य मनात घ्यावे. आत जाताना जे धरून ठेवले आहे ते एकेक करून प्रभूच्या हाती द्यावे. मध्यावर काही मागू नये, थांबावे. परत येताना ज्यांच्याकडे आपणांस परत जावयाचे आहे त्यांची नावे घ्यावीत. समोरून कोणी आले तर बाजूस होऊन त्याला वाट द्यावी. तीही प्रार्थनाच आहे. मुले धावली तर धावू द्यावीत. रीम्सची चूक आपण पुन्हा करू नये. ज्यांना चालवत नाही अशा वृद्धांसाठी व अपंगांसाठी ताटात बारीक वाळू पसरून आकृती काढावी व लुक्काच्या रीतीने बोटाने वाट गिरवावी. घरी आजाऱ्यास भेटावयास जाताना पाटीवर काढून नेली तरी चालते.

समारोप

आपले कीर्तन, आपली भजने, आपल्या मंडळीतील कितीतरी रीती मूळच्या आपल्या नव्हत्या. नारायण वामन टिळक व त्यांच्या पिढीने त्या स्वीकारल्या, त्या प्रत्येकीच्या मध्यभागी कोण आहे हे तपासून. या वाटेलाही तीच कसोटी लावावी. मध्यभागी माणसाचे स्वतःचे स्वास्थ्य बसविले तर हे चालणे फार तर एक चांगला व्यायाम ठरेल. मध्यभागी मरणातून परत आलेला प्रभू असेल, तर ज्या पाळकाची प्रार्थना कोरडी पडली आहे त्याने उपवासकाळातील एका सकाळी, मंडळी येण्यापूर्वी, अंगणात ही वाट आखून स्वतः एकट्याने चालून पाहावे. मंडळीस सांगावयाचे की नाही, हे त्यानंतर ठरवावे.